हाडांच्या सूपची दहा वर्षे चाललेली चौकशी

हात किंवा पाय मोडलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक एक सल्ला हमखास देऊन जातात : पायाचे सूप प्या, हाड लवकर भरून येईल. बकऱ्याच्या पायांचे तुकडे आले, मिरी, हळद घालून तासन्‌तास उकळायचे आणि तो चिकट रस्सा आजाऱ्याला प्यायला द्यायचा, ही पद्धत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. अलीकडे हेच सूप 'बोन ब्रॉथ' या नावाने शहरांतून चांगल्या महाग किमतीला विकले जाऊ लागले आहे. यामागचा तर्क अगदी सरळ आहे. हाडात जे आहे ते पाण्यात उतरते. पाण्यात उतरले ते पोटात जाते. आणि पोटात गेले ते शरीराच्या उपयोगी पडते.

या तर्काच्या तिन्ही पायऱ्या तपासून पाहण्याजोग्या आहेत. ती तपासणी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सुरू झाली, आणि तिला निमित्त झाले ते गरिबांच्या रुग्णालयातल्या जेवणाचे. आहारशास्त्राच्या इतिहासातला हा एक बोधप्रद प्रसंग आहे. प्रथिने, अमिनो आम्ले हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो. त्या कल्पना कोणत्या गरजेतून आणि किती चुका करत माणसाच्या हाती आल्या, हे या प्रसंगावरून चांगले समजते.

पापँचे भांडे

आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा जन्म हाडे शिजवण्यासाठी झाला, असे सांगितले तर विद्यार्थ्यांना नवल वाटेल. देनी पापँ हा फ्रेंच संशोधक लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याबरोबर काम करत होता. १६७९ साली त्याने घट्ट झाकणाचे एक जाड भांडे रॉयल सोसायटीपुढे मांडले. वाफ कोंडली की आतला दाब वाढतो आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्यावर वजन लावलेली एक झडप बसवली होती. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या झडपेचीच वंशज.

१६८१ साली त्याने या भांड्यावर पुस्तक लिहिले. हाडे मऊ करण्याचे यंत्र, असा उल्लेख त्या पुस्तकाच्या नावातच आहे. एरवी कुत्र्यापुढे टाकायची टणक हाडे या भांड्यात बोटाने चुरण्याइतकी मऊ होत आणि उरलेला रस थंड झाला की त्याची जेली बने. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांनी या भांड्यात शिजवलेले जेवण घेतले. त्याचे कौतुकभरले वर्णन जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत आहे.

ही जेली म्हणजे काय? सुक्या हाडाचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट असते. उरलेला भाग बहुतांशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर या तंतूंचे पीळ सुटतात आणि कोलॅजेनचे जिलेटिन होते. जिलेटिन गरम पाण्यात विरघळते आणि गार झाले की आळते. रस्सा जितका दाट आळेल तितका तो पौष्टिक, ही समजूत इथूनच रूढ झाली.

गरिबांसाठी जिलेटिन

फ्रान्समधली राज्यक्रांती आणि तिच्यामागून आलेली युद्धे यांमुळे अन्नटंचाई हा तेथील राज्यकर्त्यांपुढचा नेहमीचा प्रश्न झाला होता. रुग्णालये, अनाथालये, तुरुंग अशा ठिकाणी हजारो लोकांना रोज जेवू घालावे लागे आणि मांस तर महाग. अशा वेळी खाटकाकडे फुकट जाणारी हाडे अनेकांच्या नजरेत भरली. हाड म्हणजे निसर्गाने तयार करून ठेवलेली सूपची वडीच, असे त्या काळी म्हटले जाई.

या कल्पनेला कारखान्याचे रूप दिले झाँ-प्येर-जोझेफ दार्से या रसायनशास्त्रज्ञाने. आधी त्याने हायड्रोक्लोरिक आम्लात हाडातली खनिजे विरघळवून मागे राहणाऱ्या मऊ भागापासून जिलेटिन काढले. पुढे त्याने कोंडलेल्या वाफेची पद्धत वापरली. १८१४ साली पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने या जिलेटिनबद्दल अनुकूल मत दिले. १८२९ मध्ये सँ-लुई रुग्णालयात दार्सेचे यंत्र बसले आणि पुढील वर्षांत त्यातून जिलेटिनयुक्त सूपच्या लक्षावधी वाट्या रुग्णांना दिल्या गेल्या.

दार्सेचा हेतू परोपकाराचा होता आणि त्याचा तर्क त्या काळच्या ज्ञानाला धरून होता. मांस, अंडी, दूध या पोषक पदार्थांत नायट्रोजन असतो, हे तोवर माहीत झाले होते. १८१६ साली फ्रान्स्वा माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्यांना नुसती साखर, नुसते तेल, नुसते लोणी असे नायट्रोजन नसलेले अन्न देऊन पाहिले होते. पोटभर खाऊनही ती जनावरे खंगून मेली. तेव्हा अन्नात नायट्रोजन हवा, हे उघड झाले. आता जिलेटिनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. वजनाच्या हिशेबाने मांसातल्या प्रथिनांपेक्षाही थोडा अधिकच. मग किलोभर सुके जिलेटिन हे तेवढ्याच सुक्या मांसाच्या तोडीचे का मानू नये? हिशेबात चूक नव्हती. एका आकड्याने अन्नाची पूर्ण ओळख पटते, हे गृहीतक मात्र कोणी तपासले नव्हते.

तक्रारी पहिल्यांदा आल्या त्या जेवणाऱ्यांकडून. सूपला वास येतो, तहान लागते, पोट बिघडते, असे रुग्ण सांगत. १८३१ साली ओतेल-द्यू या पॅरिसच्या जुन्या रुग्णालयातील डॉक्टरांनी हे सूप मांसाच्या सूपपेक्षा निकृष्ट असल्याचा अहवाल दिला. समर्थकांचे उत्तर असे, की यंत्र नीट चालवले जात नाही. गरीब माणसाने नाक मुरडले, तर तो चवीचा किंवा पूर्वग्रहाचा प्रश्न मानला जाई; त्याच्या तक्रारीला निरीक्षणाचा दर्जा मिळत नसे.

त्याच सुमारास आल्फ्रेद दॉने या डॉक्टरने काही दिवस जिलेटिनवर भर देऊन स्वतः राहून पाहिले; त्याचे वजन घटले आणि भूक शमेना. गानाल हा सरस बनवणारा कारखानदार. त्याच्या कारखान्यातले उंदीर इतर प्राणिज माल फस्त करत, पण सरसाला तोंड लावत नसत. सरस म्हणजे अशुद्ध जिलेटिनच. एडवर्ड्स आणि बाल्झाक (हा कादंबरीकार नव्हे) या दोघांनी अधिक नेटका प्रयोग केला. पाव आणि जिलेटिन यांवर कुत्र्यांची नीट वाढ होत नव्हती. पण त्यात मांसाचे थोडेसे सूप मिसळले की फरक पडत होता. ही नोंद ध्यानात ठेवावी. तिचा अर्थ लागायला पुढे सत्तर वर्षे जावी लागली.

कमिशनचा अहवाल

वाद वाढल्यावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक समिती नेमली. इतिहासात ती 'जिलेटिन कमिशन' म्हणून ओळखली जाते. तिने सुमारे दहा वर्षे काम केले आणि १८४१ साली माजांदीने तिचा अहवाल अकादमीपुढे ठेवला.

समितीने कुत्र्यांवर अनेक प्रयोग केले. आजच्या नियमांनुसार असे प्रयोग नैतिक समितीपुढे टिकणार नाहीत, आणि माजांदीच्या प्रयोगांवर क्रूरतेचा आरोप त्याच्या हयातीतही झाला होता, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. निष्कर्ष थोडक्यात असे होते :

१. नुसते जिलेटिन कुत्री थोड्याच दिवसांत नाकारत. समोर अन्न असूनही ती उपाशी राहत. मसाला घालून चव सुधारली तरी ती तगत नसत.

२. मांसातले शुद्ध फायब्रिन किंवा अंड्यातले अल्ब्युमिन एकेकटे दिले तरी ते दीर्घकाळ पुरे पडत नसे.

३. गव्हातून धुऊन काढलेल्या ग्लूटेनवर मात्र कुत्री तीन महिने नीट जगली. असे धुतलेले ग्लूटेन पूर्ण शुद्ध नसते, त्यात गव्हाचे इतर घटक थोडेफार उरतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

४. कच्च्या हाडांवर कुत्री उत्तम जगली. पण तीच हाडे पाण्यात उकळून किंवा आम्लात बुडवून दिली तर ती पुरी पडत नसत.

चौथा मुद्दा मोठा गमतीचा आहे. हाड निरुपयोगी नव्हते. त्याचे सूप करण्याची क्रिया त्यातले बरेच काही गमावत होती. कच्च्या हाडाला मांसाचे कण चिकटलेले असतात, आत मज्जा, रक्त व चरबी असते, आणि कुत्र्याच्या जठरातले आम्ल खनिजेही विरघळवते. शुद्ध जिलेटिन तयार करताना यातले बहुतेक सगळे मागे राहते.

असे का होते, ते समितीला सांगता आले नाही. पोषणाचे शास्त्र अजून पहिल्या पावलावर आहे, अशी कबुली तिने अहवालातच दिली. दहा वर्षे काम करून असे लिहायला धैर्य लागते.

उत्तर साठ वर्षांनी

अहवालानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जिलेटिनमध्ये पोषण मुळीच नाही, असे म्हटले जाऊ लागले. तेही खरे नव्हते. म्यूनिक येथील कार्ल फॉइट याने १८७२ च्या सुमारास कुत्र्यांच्या खाण्यातला आणि मलमूत्रातला नायट्रोजन मोजून जमाखर्च मांडला. आहारात जिलेटिन असले की शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांची झीज कमी होते, असे त्याला दिसले. म्हणजे जिलेटिन शरीराचा खर्च वाचवते. प्रथिनांची जागा मात्र ते पूर्णपणे घेऊ शकत नाही.

याचे कारण विसाव्या शतकाच्या आरंभी कळले. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या असतात. १९०१ साली केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले. १९०६ साली हॉपकिन्स आणि विलकॉक यांनी उंदरांना मक्यातले झेइन हे एकच प्रथिन दिले, तेव्हा ते लवकर मेले. त्यात ट्रिप्टोफॅनची भर घातली, तेव्हा ते अधिक दिवस जगले. झेइनमध्ये ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसते. आणि जिलेटिनमध्ये? तेथेही नसते.

जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांचे उदाहरण घ्या. 'क' आणि 'ळ' चे खिळे पोतेभर आहेत, पण 'म' चा एकही नाही. मग 'कमळ' हा शब्द जुळवता येत नाही, आणि पोत्यातल्या खिळ्यांचे वजन कितीही भरले तरी उपयोग नाही. आपल्या शरीराला लागणारी नऊ अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांतले एकही नसले तर शरीराची प्रथिने जुळत नाहीत, आणि आलेली बाकीची आम्ले इंधन म्हणून जाळली जातात. एडवर्ड्स आणि बाल्झाक यांच्या कुत्र्यांना मांसाच्या थोड्याशा सूपने फरक का पडला, याचाही आता अंदाज येतो : जिलेटिनमध्ये नसलेले काही घटक त्यातून मिळत असले पाहिजेत.

कोलॅजेनची घडण अशी एकांगी का, याच्या उत्तराचा मोठा भाग भारतात मिळाला. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनची रचना मांडली. कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण टाकून त्यांनी हे काम केले. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. या पिळात प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल आतल्या बाजूला येते आणि तेथे इतकी अडचण असते, की सर्वांत लहान असे ग्लायसिनच तेथे मावते. म्हणून कोलॅजेनचा सुमारे एक-तृतीयांश भाग ग्लायसिनचा असतो. प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन मिळून आणखी पाचवा हिस्सा भरतो. कंडरेला आणि हाडाला अशा दोरखंडाची बळकटी हवीच असते. ताटात मात्र ही रचना लंगडी पडते. प्रथिनांची प्रत ठरवण्याच्या प्रचलित पद्धतींत एकट्या जिलेटिनला शून्य गुण मिळतात.

'एकट्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपल्या धान्यांत लायसिन कमी असते आणि जिलेटिनमध्ये ते बऱ्यापैकी असते. डाळ-भाकरीच्या किंवा मटणाच्या जेवणाबरोबर घेतलेला पायाचा रस्सा वाया जात नाही. तो जेवणाच्या जागी आला की नुकसान होते.

कॅल्शियमचे काय?

मोडलेल्या हाडासाठी सूप देतात, ते मुख्यतः त्यातल्या 'चुन्या'साठी. हा प्रश्नही तपासला गेला आहे. लहान मुलांना दुधावरून वरच्या अन्नावर आणताना इंग्लंडमध्ये हाडांचे व भाज्यांचे सूप देत असत. १९३४ साली मॅकॅन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी अशा सूपचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. नुसत्या हाडांच्या सूपमध्ये कॅल्शियम फारच थोडे निघाले. सूपमधल्या खनिजांचा बराच भाग भाज्यांतून येत होता.

कारण रसायनशास्त्रातले आहे. हाडातले खनिज साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तसे विरघळले असते, तर आपल्या शरीरातल्या पाण्यात आपली हाडे टिकली असती का? त्याला विरघळवायला आम्ल लागते. सूपमध्ये टोमॅटो किंवा चमचाभर व्हिनेगर घातल्याने थोडा फरक पडतो, पण तेवढ्याने ते दुधाच्या पासंगालाही पुरत नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांतूनच कॅल्शियम घ्यायचे असेल, तर काट्यांसकट चावून खाता येणारी लहान मासळी चांगली. तेथे हाड विरघळवण्याचे काम आपले जठर करते.

आकड्याची भूल

ही सारी माहिती पाठ्यपुस्तकांत गेल्यानंतरही जुनी चूक पुन्हा झाली. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी 'द्रव प्रथिना'ची पेये निघाली. यांतली अनेक पेये कातडी व कंडरा यांतल्या कोलॅजेनचे विघटन करून बनवलेली होती. लोक आठवडेच्या आठवडे जवळजवळ त्यावरच राहिले. पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांत हृदयाचे ठोके बिघडून अचानक मेलेल्या तरुण स्त्रियाही होत्या. दोष एकट्या कोलॅजेनचा नव्हता. उष्मांक अत्यल्प होते आणि पोटॅशियमसारख्या खनिजांचीही उणीव होती. पण बाटलीवर प्रथिनांचे प्रमाण लिहिलेले होते, आणि तेवढे पाहून लोक निश्चिंत होते.

आजही प्रथिने मोजण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पदार्थातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणणे. हा आकडा कोलॅजेन आणि अंडे यांत भेद करत नाही. दार्सेचा हिशेब अशा रीतीने वेष्टनावर जिवंत राहिला आहे. सांध्यांसाठी कोलॅजेनचा काही उपयोग होतो का, यावर संशोधन चालू आहे आणि त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. पण तो निराळा प्रश्न आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असेही दिसले, की हाडांच्या निरनिराळ्या सूपमधील संबंधित अमिनो आम्लांचे प्रमाण फार कमीजास्त असते आणि त्याचा भरवसा धरता येत नाही.

मग सूप देऊ नये का? जरूर द्यावे. ते गरम असते, पाणी व मीठ पुरवते, तोंडाला चव आणते. तापातून उठलेल्या माणसाला याची किंमत असते. मात्र आजाऱ्याची भूक लहान असते. वाटीभर सूपने त्याचे पोट भरले आणि 'ताकदीचे' मिळाले म्हणून घरच्यांनी अंडे, दूध, डाळ किंवा मटणाचे तुकडे बाजूला ठेवले, तर हाड भरून यायला जे लागते तेच ताटातून कमी होते. सँ-लुईतल्या रुग्णांना वाटीत काय असावे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. आपल्या घरात आणि शाळांच्या माध्यान्ह भोजनात तो आपल्याकडे आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

कोंबडीच्या तंगडीची तीन स्वच्छ हाडे घ्या. एक व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा. व्हिनेगर रोज बदला. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः, उघड्या जागी, निखाऱ्यावर पांढरे होईपर्यंत भाजावे. तिसरे तसेच ठेवा. व्हिनेगरमधले हाड रबरासारखे वाकेल, कारण खनिज गेले आणि कोलॅजेन राहिले. भाजलेले हाड आकार टिकवून ठेवेल, पण दाबताच त्याचा चुरा होईल, कारण कोलॅजेन जळाले आणि खनिज राहिले. जेथे हाडे वर्गात आणणे योग्य वाटणार नाही, तेथे अंड्याचे टरफल एका ग्लासात साध्या पाण्यात आणि दुसऱ्यात व्हिनेगरमध्ये ठेवा. टरफलात कॅल्शियम कार्बोनेट असते, फॉस्फेट नव्हे. पण पाणी आणि आम्ल यांतला फरक त्यातूनही दिसेल.

नंतर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत. कुकरमध्ये तासभर शिजवलेले हाड या तिघांपैकी कोणासारखे होईल, आणि का? आणि एखाद्या डब्यावर 'प्रथिने २० ग्रॅम' असे छापलेले असेल, तर विकत घेण्यापूर्वी आणखी कोणती माहिती मागायला हवी?